कौन्सिल इस्टेटचं सामाईक हीटिंग बदलतंय: आधी मीटर की आधी पाइप?

टेम्सकाठी

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर नीट उत्तर मिळणार नाही.

आम्ही पूर्व लंडनमधल्या एका कौन्सिल इस्टेटमध्ये, म्हणजे स्थानिक पालिकेने बांधलेल्या वसाहतीत, राहतो. फ्लॅट लीजहोल्ड आहे, म्हणजे दीर्घ मुदतीच्या कराराने आमचा, इमारत मात्र कौन्सिलची. मूळ भाडेकरूने राइट टू बायखाली (भाडेकरूला राहतं घर विकत घेण्याचा हक्क) कौन्सिलकडून घेतलेला, पुढे त्यांच्याकडून आम्ही विकत घेतला. आजूबाजूचे बरेचसे शेजारी अजून कौन्सिलचेच भाडेकरू. सगळ्या इमारतींना मधल्या एका बॉयलर हाउसमधून गरम पाणी येतं. घरात बॉयलर नाही, गॅसची लाइन नाही. रेडिएटर ऑक्टोबरात तापायला लागतात आणि मे महिन्यात थंड पडतात, मधल्या काळात किती तापवायचे ते आपल्या हातात नाही. फार उकडलं की लोक डिसेंबरातसुद्धा खिडकी उघडतात. बिल वापरावर नाही. बेडरूम किती त्यावरून ठरलेली रक्कम भाडेकरूंना भाड्याबरोबर आणि आम्हाला सर्व्हिस चार्जमध्ये, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या आकारात, लागते.

आता सेक्शन २० ची, म्हणजे मोठ्या कामाआधीच्या सल्लामसलतीची, नोटीस आली आहे. बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेवरचं यंत्र), प्रत्येक घरात सामाईक पाइपातली उष्णता घेणारी एचआययू नावाची पेटी आणि प्रत्येक घराला वेगळा मीटर. लीजहोल्डरांच्या वाट्याचा अंदाजे आकडा वाचून पोटात गोळा आला.

पण खरं सांगायचं तर मला खालच्या मजल्यावरच्या आजींची जास्त काळजी वाटते. त्या मूळच्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या, एकट्या राहतात, गुडघ्यांमुळे दिवसभर घरातच असतात. मीटर लागला तर हीटिंग बंद ठेवून रजईत बसून राहीन, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. रहिवासी संघाच्या वतीने मला कौन्सिलच्या बैठकीत बोलायचं आहे. काय विचारू? कशावर अडून बसू?

कोथरूडकर

ताई, एक मूलभूत प्रश्न. इतकी कटकट आहे तर ज्याच्या त्याच्या घरात स्वतंत्र बॉयलर का नाही बसवत? आणि दुसरं, आपल्याकडे सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात टाकावीच लागते. तिकडे असा फंड नाही का? एकदम एवढा मोठा आकडा लोकांच्या अंगावर कसा येतो?

टेम्सकाठी

@कोथरूडकर, आमच्या लीजमध्ये तरी असा फंड नाही. काम निघालं की खर्चाचा वाटा काढतात आणि बिल पाठवतात. सल्लामसलतीचा कायदा १९८५ चा आहे. एखाद्या लीजहोल्डरच्या वाट्याला २५० पौंडांपेक्षा जास्त येणार असेल तर आधी सल्लामसलत करावी लागते, सेक्शन २० म्हणतात ते हेच. भाडेकरूंना असं भांडवली कामाचं बिल येत नाही, त्यांच्या वाट्याचा खर्च कौन्सिलच्या घरभाड्याच्या खात्यातून होतो. मात्र उष्णतेचं बिल दोघांनाही भरावं लागतं.

पन्हाळी

मी याच कामात आहे. बिल्डिंग सर्व्हिसेस इंजिनिअर, आणि कौन्सिल व हाउसिंग असोसिएशन (परवडणारी घरं देणाऱ्या संस्था) यांची जुनी हीट नेटवर्क, म्हणजे सामाईक हीटिंगची यंत्रणा आणि पाइपांची जाळी, तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे थोडं लांबण लागेल.

कोथरूडकर काका, आधी तुमचा प्रश्न. १६ मे १९६८ ला पूर्व लंडनमधल्या न्यूहॅममध्ये रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली नव्याकोऱ्या इमारतीत गॅसचा स्फोट झाला आणि एक अख्खा कोपरा पत्त्यासारखा खाली आला. चार जणांचा जीव गेला. काँक्रीटचे मोठे तयार पॅनल जोडून उभारलेल्या तशा अनेक टॉवरमधून नंतर गॅसच काढून टाकला. त्यामुळे तिथे घरोघरी गॅस बॉयलर हा पर्याय उरला नाही. जिथे तो आहे, तिथे पुढे गॅस सोडायची वेळ आली की शेकडो घरांत शिरून शेकडो यंत्रं बदलावी लागतात.

सामाईक पद्धतीचा खरा फायदा इथेच कळतो. लंडनमधल्या पिमलिकोचं नेटवर्क १९५० पासून चालू आहे. टेम्सच्या पलीकडच्या बॅटरसी वीजकेंद्राची वाया जाणारी उष्णता नदीखालून पाइपने चर्चिल गार्डन्स इस्टेटला यायची. तिथला काचेत बंद असलेला उंच मनोरा म्हणजे गरम पाण्याची साठवण टाकी. १९८३ मध्ये वीजकेंद्र बंद झालं, तरी नेटवर्क थांबलं नाही, उष्णता दुसरीकडून आली. आज वेस्टमिन्स्टर कौन्सिलचं हे नेटवर्क तीन हजारांवर घरांना उष्णता पुरवतं. एका ठिकाणचं यंत्र बदललं की हजारो घरांचं इंधन बदलतं. म्हणून टेम्सकाठीताई, "सामाईक नको" अशी मागणी बैठकीत करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. भांडायचं ते सामाईक यंत्रणा नीट चालावी म्हणून.

आता नीट चालत नाही म्हणजे काय ते सांगते. उन्हाळ्यात तुमच्या इमारतीचा कॉरिडॉर कसा असतो? बाहेर पंचवीस अंश आणि आत गुदमरायला होतं, असं असेल तर उत्तर भिंतीतच आहे. उन्हाळ्यात रेडिएटर बंद असतात, पण नळाला गरम पाणी हवं म्हणून मुख्य पाइप चोवीस तास तापलेले असतात. त्यांच्यावरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं आवरण, कुठे निखळलेलं असतं, व्हॉल्व्ह आणि फ्लँज (पाइपांचे जोड) तर आवरणाशिवायच. मागच्याच महिन्यात मी एका रायझरच्या (मजल्यांतून वर जाणाऱ्या उभ्या पाइपाच्या) कपाटाचं दार उघडलं, तर आत मुठीएवढा व्हॉल्व्ह, त्यावर आवरणच नाही, हात लावायची सोय नाही. त्याच्या वरच्या फडताळावर कुणीतरी टॉवेल वाळत घातले होते. ती उष्णता कुणाच्याच घरात जात नव्हती, तिचे पैसे मात्र सगळे भरत होते.

साधा हिशेब करा. पाइपांमधून दर फ्लॅटमागे सतत १०० वॉट वाया जात असतील, म्हणजे जुन्या काळच्या एका बल्बएवढं, तर वर्षाचे ८,७६० तास धरून ८७६ युनिट होतात. २०० फ्लॅट असतील तर १ लाख ७५ हजार युनिट. लहान फ्लॅटची वर्षाची सगळी गरज तीन-चार हजार युनिट असू शकते, म्हणजे हे नुकसान किरकोळ नाही. आणि १०० वॉट हे चांगल्या नेटवर्कचं उदाहरण झालं. मी याच्या दुपटीची, तिपटीची नेटवर्क पाहिली आहेत.

म्हणून माझा पहिला मुद्दा: आधी पाइप, मग मीटर. मीटर तुमच्या घरात शिरलेली उष्णता मोजतो. वाटेत सांडलेली उष्णता कुठल्याच घराच्या मीटरवर दिसत नाही, पण तिचा खर्च युनिटच्या दरात किंवा स्टँडिंग चार्जमध्ये (वापर कितीही असो, लागणाऱ्या ठरावीक आकारात) चढवला जातो. निम्मी उष्णता वाटेत जात असेल तर आजींना प्रत्येक युनिटमागे आणखी एका युनिटाचा भुर्दंड. त्यांनी कितीही काटकसर केली तरी तो कमी होणार नाही.

गोदातीर

पन्हाळीताई, बाकी सगळं पटलं, पण मीटरबद्दल माझं मत वेगळं आहे. आम्ही हाउसिंग असोसिएशनच्या शेअर्ड ओनरशिप फ्लॅटमध्ये राहतो, म्हणजे घराचा काही हिस्सा आमचा, उरलेल्याचं भाडं. आधीच्या इस्टेटमध्ये ठरावीक रकमेचीच पद्धत होती. दोघं दिवसभर कामावर, थर्मोस्टॅट नाही, आणि बिल मात्र खिडक्या उघड्या टाकून बसणाऱ्यांइतकंच. यात न्याय कुठला?

दुसरं एक सांगतो, कारण ते फार लोकांना माहीत नसतं. घरगुती गॅस-विजेला जी प्राइस कॅप, म्हणजे दराची कमाल मर्यादा, आहे ती हीट नेटवर्कला लागू नाही. इथे घरमालक संस्था व्यापारी दराने गॅस घेते आणि त्यावरून आपला दर ठरतो. २०२२ मध्ये ते करार नव्याने झाले तेव्हा आमचा दर एका पत्रात तिपटीच्या वर गेला. शेजारी स्वतःचा बॉयलर असलेल्यांना कॅपचं संरक्षण, आम्ही उघड्यावर. सरकारने नंतर सवलत योजना आणली, पण ती आमच्या बिलात उतरेपर्यंत हिवाळा निघून गेला होता. पुरवठादार बदलायचीही सोय नाही, पाइप एकच.

उत्तरवारा

मी ॲबर्डीनहून. इथला अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितो.

इथे कौन्सिलच्या उंच इमारतींत विजेचं हीटिंग होतं, महागडं. थंडी किती ते सांगायला नको. ग्रॅनाइटचं शहर, समुद्रावरचा वारा. लोक खर्चाला भिऊन हीटर लावतच नसत, भिंतींना बुरशी. २००२ मध्ये कौन्सिलने ॲबर्डीन हीट अँड पॉवर ही ना-नफा कंपनी काढली. स्टॉकेटहिल भागातल्या टॉवरांपासून सुरुवात झाली. एकाच यंत्रातून वीज आणि उष्णता दोन्ही, आणि भाडेकरूंना भाड्याबरोबर ठरावीक साप्ताहिक रक्कम. त्यामुळे घरं तापली. म्हातारी माणसं निर्धास्तपणे रेडिएटर लावू लागली, कारण जास्त लावलं तरी बिल वाढत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

गोदातीर, तुमचा न्यायाचा मुद्दा मला कळतो. पण आजींसाठी हे "बिल वाढत नाही" फार मोलाचं आहे. ज्याच्या खिशात आधीच काही नाही, त्याच्याकडून मीटर बचत करून घेत नाही, त्याला थंडीत बसवतो.

गोदातीर

@उत्तरवारा, मान्य. पण मग वाया घालवणाऱ्याला चाप कोण लावणार? माझ्याकडे थर्मोस्टॅटच नसेल तर मी वाया घालवतो हा दोष तरी माझा का, हेही खरं.

पन्हाळी

गोदातीर, तुमचं दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मीटरआधी नियंत्रण हवं. घरात थर्मोस्टॅट, प्रत्येक रेडिएटरवर चालणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, आणि ते कसे वापरायचे हे माणसाने घरी येऊन, लागेल त्या भाषेत समजावून सांगणं. नुसता मीटर लावून नियंत्रण न देणं हा उघड अन्याय आहे.

मीटर पूर्ण नाकारता येतील असं मात्र धरून चालू नका. हीट नेटवर्कच्या मीटरचे २०१४ चे नियम २०२० मध्ये सुधारले. तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल आणि खर्चाच्या मानाने परवडत असेल, तर मीटर बसवणं घरमालकाला बंधनकारक आहे. जुन्या इमारतींत कधी कधी ते शक्यच नसतं. एक उभा पाइप तुमच्या बैठकीच्या खोलीतून, दुसरा बेडरूममधून, तिसरा बाथरूममधून वरच्या घरात जातो. मग एका घराची उष्णता एका जागी मोजायची कुठे? म्हणूनच तुमच्याकडे एचआययू येतेय. त्या पेटीत इमारतीचं पाणी आणि घरातलं पाणी वेगळं होतं, मधल्या प्लेट हीट एक्स्चेंजरमधून फक्त उष्णता पलीकडे जाते. मीटरही तिथेच बसतो.

या पेटीबद्दल एक कळकळीची सूचना. नवी पेटी बसवण्याआधी जुने पाइप नीट धुऊन काढणार का, हे विचारा. मी एचआययूच्या गाळण्या उघडल्या आहेत. आत काळा गाळ भरलेला असतो, बोटांना शाईसारखा लागतो. तो लोखंडाचा गंज असतो, वर्षानुवर्षं रेडिएटर आणि पाइपांतून सुटलेला. तो प्लेटच्या बारीक फटींत बसला की पहिल्याच हिवाळ्यात शॉवर कोमट होतो आणि लोक हीट पंपाला दोष देतात. पाण्याची प्रक्रिया आणि फ्लशिंग निविदेत सगळ्यात आधी कापतात, कारण ते कुणाला दिसत नाही.

डॅनिशमराठी

कोपनहेगनहून. इथे शहरातली जवळपास सगळी घरं जिल्हा-हीटिंगवर आहेत, देशातली साधारण दोन तृतीयांश. १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदा झाला, आणि त्यात नफा न कमावण्याचं तत्त्व आहे. खर्च निघेल तेवढाच दर. आम्ही ज्या घरात राहतो ते अल्मेन बोलिग, म्हणजे इकडचं सामाजिक गृहनिर्माण. मोठं काम निघालं की भाडेकरूंची सभा होते, आराखडा आणि भाडेवाढ दोन्ही समोर ठेवतात आणि मतदान होतं. भाडेकरू नुसतं ऐकून घेत नाहीत.

बिलात एक गोष्ट वेगळी आहे. अनेक ठिकाणी तुम्ही पाणी किती थंड करून परत पाठवता त्यावर सवलत किंवा दंड असतो. पन्हाळीताई, यामागचं तांत्रिक कारण सांगाल का? मला इतकी वर्षं ते नीट कळलेलं नाही.

पन्हाळी

आवडता विषय काढलात.

पाणी जाताना ८२ अंश आणि परत येताना ७१, ही इंग्लंडमधली जुनी रचना. फरक ११ अंशांचा. तेच पाणी ७० ला पाठवलं आणि ४० ला परत आलं तर फरक ३०. प्रत्येक लिटर जवळपास तिप्पट उष्णता देऊन येतो. म्हणजे तेवढ्याच उष्णतेला साधारण एक तृतीयांश पाणी फिरवलं की पुरे. पंप लहान, नवे पाइप बारीक, उष्णतेची गळती कमी. परतीचं पाणी गरम येतंय म्हणजे उष्णता नुसती फेरफटका मारून परत येतेय. कुठेतरी बायपास (घरात न शिरता पाणी परत नेणारी आडवाट) उघडा राहिलाय, कुठे रेडिएटरांचं बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येकाला हवं तेवढंच पाणी वाटून देणं, झालेलं नाही. मी प्लांट रूममध्ये शिरले की बॉयलर किती नवा ते बघत नाही, आधी परतीच्या पाइपावरचा थर्मामीटर बघते.

हीट पंपाला तर हे जीवनमरणाचं. पाणी जितकं जास्त तापवायचं तितकी वीज जास्त लागते. इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग. गॅस बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला तर १ युनिट उष्णतेला गॅसच्या १.१८ युनिटांचा खर्च. हीट पंपाने १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता दिली तर खर्च ४ भागिले ३, म्हणजे १.३३. बॉयलरपेक्षा जास्तच! कार्बन भरपूर वाचेल, ते फार गरजेचंही आहे, पण आजींचं बिल आपोआप उतरणार नाही. ते उतरायचं तर पाणी कमी तापमानाला चाललं पाहिजे, आणि त्यासाठी रेडिएटर पुरेसे मोठे, भिंती-खिडक्या सुधारलेल्या आणि पाइप झाकलेले हवेत. ही कामं आराखड्यात नसतील तर तिथे अडून बसा.

उष्णता कुठून घेणार तेही विचारा. लंडनमधल्या इझलिंग्टन कौन्सिलने २०२० मध्ये बनहिल हीट नेटवर्कचं दुसरं केंद्र सुरू केलं. नॉर्दर्न लाइन या भुयारी रेल्वेच्या बोगद्यातली गरम हवा सिटी रोड स्टेशनच्या जुन्या शाफ्टमधून ओढून घेतात. ते स्टेशन १९२२ पासून बंद आहे. त्या हवेचं तापमान १८ ते २८ अंश, त्यातून ८० अंशांचं पाणी करून कौन्सिलच्या घरांना देतात. जानेवारीच्या गारठलेल्या हवेपेक्षा असा स्रोत कितीतरी सोपा. उत्तर लंडनमधल्या एनफिल्डमध्ये दुसरा मार्ग घेतला. आठ टॉवरांखाली बोअर मारून जमिनीची उष्णता सामाईक पाइपातून वर आणली आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये छोटा हीट पंप बसवला. मुख्य पाइपात कोमटही नाही असं पाणी असल्यामुळे वाटेतलं नुकसान जवळपास संपलं. तुमच्या इस्टेटला कुठला मार्ग बरा हे जागा पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, पण कौन्सिलने दोन्ही तपासले का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

कोथरूडकर

पन्हाळी, हे वाचून आमच्या सोसायटीतलं सोलर आठवलं. गच्चीवर पाणी कढत, पण खालच्या मजल्यावर नळ सोडला की दोन बादल्या गार पाणी जाऊ द्यायचं. रिटर्न लाइनचं इन्सुलेशन उन्हाने झडलं होतं. नवे पॅनल घ्यायचा ठराव तयार होता. आधी पाइपावर रबरी आवरण चढवलं आणि तक्रार बंद झाली.

पन्हाळी

काका, नेमकं तेच.

टेम्सकाठीताई, अजून एक. पाइपांवरचं जुनं लॅगिंग ॲस्बेस्टॉसचं आहे का याचा सर्व्हे झालाय का? ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या इमारतींत ते डक्टमध्ये (पाइप जाण्याच्या बंदिस्त पोकळीत) सापडतं. काम सुरू झाल्यावर सापडलं तर काम थांबतं, खर्च वाढतो आणि तो वाढीव खर्च लीजहोल्डरांच्या बिलात येतो. शिवाय ते काढताना डक्ट बंद ठेवावे लागतात, तेव्हा पाणी तापवायची पर्यायी सोय काय?

टेम्सकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. संघातल्या दोघांबरोबर बसून पत्राचा मसुदा केला आहे. इंग्रजीत पाठवणार, इथे मराठीत मांडते, कमीजास्त सांगा.

आम्हाला गेल्या वर्षभराचे दोन आकडे हवेत: बॉयलर हाउसने किती युनिट गॅस जाळला आणि घरांपर्यंत अंदाजे किती उष्णता पोचली. उन्हाळ्यातल्या एका आठवड्याचं, जाणाऱ्या आणि परतीच्या पाण्याचं तापमानही. पाइप, व्हॉल्व्ह आणि रायझरचं लॅगिंग हे काम पहिल्या टप्प्यात घ्यावं. मीटरवरचं बिल लगेच सुरू न करता एक पूर्ण हिवाळा नुसती नोंद दाखवावी, जुनीच रक्कम आकारावी, आणि ज्यांचं बिल वाढणार आहे त्यांना आधी भेटून मदत ठरवावी. घर दिवसभर तापवणं ज्यांना प्रकृतीमुळे भाग आहे त्यांची वेगळी यादी करावी. सरकारच्या हीट नेटवर्क एफिशियन्सी स्कीमखाली २०२३ पासून चालू नेटवर्कच्या दुरुस्तीला अनुदानं दिली गेली, त्यासाठी अर्ज केला होता का? नसेल तर का नाही? आणि लीजहोल्डरांना हप्ते किती वर्षांचे?

गोदातीर

दर कसा ठरवणार तेही लेखी मागा. गॅस-विजेचा करार किती काळाचा, नुकसान कुठल्या खात्यात धरलंय, स्टँडिंग चार्जमध्ये काय काय आहे. आणि पत्रात हेही घाला की जानेवारी २०२६ पासून हीट नेटवर्क ऑफजेमच्या (ऊर्जा नियामकाच्या) नियमनाखाली आली आहेत, आणि एप्रिल २०२५ पासून एनर्जी ओम्बड्समनकडे (तक्रार निवारण लोकपालाकडे) तक्रारही करता येते. आम्हाला २०२२ मध्ये यातलं काहीच नव्हतं. तुमच्याकडे आहे, तर ते वापरा. आणि एक हिवाळा नुसती नोंद ही कल्पना मला पूर्ण मान्य आहे.

उत्तरवारा

ठरावीक रक्कम हा पर्याय आजींसारख्यांसाठी खुला राहील का, तेवढं एक वाक्य घाला. मागितलं नाही तर कुणी देणार नाही.

पन्हाळी

मसुदा उत्तम आहे. एकच दुरुस्ती. "अंदाजे किती उष्णता पोचली" यातला "अंदाजे" काढा. प्रत्येक इमारतीच्या तोंडाशी एक मोठा हीट मीटर काम सुरू होण्याआधी बसवून घ्या. आत्ताचं नुकसान मोजलेलं नसेल तर दोन वर्षांनी कंत्राटदार "सुधारणा झाली" म्हणेल आणि तुमच्याकडे ताडून पाहायला काही नसेल. तो मीटर निविदा निघायच्या आधी बसवा, म्हणजे नुकसान किती खाली आणायचं हे करारातच आकड्यात लिहून घेता येईल, आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता त्या आकड्यावर रोखून ठेवता येईल.

टेम्सकाठी

"अंदाजे" काढलं, ठरावीक रकमेचं वाक्य आणि ऑफजेमचा उल्लेख घातला. इमारतीच्या मीटरची मागणी पहिल्या क्रमांकावर घेतली आहे. आजींना पत्र बंगालीत वाचून दाखवायला दुसऱ्या मजल्यावरची मुलगी येणार आहे, त्यांची सही झाली की पाठवते. कौन्सिलचं उत्तर आलं की इथेच टाकीन.